आर वर अडकलेला काटा

सासऱ्यांनी गाडी उलटी चालवायला सुरुवात केली, त्याच्या नवव्या दिवशी बायकोने मला सुट्टी काढायला लावली.

"वडील तुझे, तूच जा," मी म्हणालो.

"मी गेले की भांडण होईल. तू गेलास तर आधी चहा होईल," ती म्हणाली. "शिवाय बारीक पेचकस तुझ्याकडेच आहेत."

तेही खरंच होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. लोकांच्या नाकावरून घसरणाऱ्या फ्रेमी आवळण्यात माझा दिवस जातो. गाडीचं मला ओ की ठो कळत नाही, पण सासुरवाडीला बारीक स्क्रू म्हटलं की जावई आठवतो.

सासरे वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी फिरून तराजू तपासले, खरे निघाले त्यांना शिक्का मारला आणि खोटे निघाले ते उचलून आणले. माणूस काय बोलतो याकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं, काटा काय दाखवतो ते महत्त्वाचं. माझी बायको लहानपणी अंगभर पुरळ घेऊन परीक्षेला बसली होती, कारण घरातल्या थर्मामीटरच्या मते तिला ताप नव्हता. थर्मामीटर बिघडला होता हे निकालानंतर कळलं. तेव्हा त्यांनी तिची नाही, थर्मामीटरची चौकशी लावली.

त्यांची गाडी माझ्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मागे आणि समोर काचेखाली एक छोटी पट्टी. पट्टीवर चार अक्षरं: पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे. दांडा हलवला की एक लाल काटा या अक्षरांवरून सरकायचा. एके सकाळी तो काटा आर वर गेला आणि तिथेच बसला. गिअर ठणठणीत होता, नुसता काटा हलेना.

दुसरा कुणी असता तर काट्याकडे काणाडोळा करून पुढे निघाला असता. सासऱ्यांनी काटा नीट पाहिला, दांडा आर वर आणला, दोन्ही जुळल्याची खात्री केली आणि गाडी मागे घेत घेत भाजी आणायला गेले.

मला न्यायला ते बसस्टँडवर आले. म्हणजे आधी गाडीची डिकी आली, मग सासूबाई आणि शेवटी सासरे. सासूबाई मागच्या सीटवर होत्या.

"तुम्ही पुढे बसा," त्या मला म्हणाल्या. "पुढे बसलं की आपण कुठून आलो तेवढंच दिसतं. मला जायचं कुठे ते बघायला आवडतं."

सासऱ्यांनी एक हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली आणि आम्ही निघालो. बसस्टँड माझ्यापासून हळूहळू लांब जायला लागला. वेग असा, की बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईने आम्हाला ओलांडलं आणि वर 'सॉरी' म्हटलं. सासूबाईंचं सारखं चालू होतं, "आता खांब. आता सायकल. डावीकडे घ्या. थांबा, थांबा. हं, गेली." मला वाटलं, बाईमाणूस घाबरलंय. तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "एक मात्र आहे हं. अडतीस वर्षांत गाडीत यांचं तोंड मी पहिल्यांदाच बघतेय."

एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर पोलिसाने हात केला.

"काका, या रस्त्यावर उलटं यायला बंदी आहे."

"उलटं कुठे येतोय? तुमच्या बाणाच्या दिशेनेच चाललोय."

पोलिसाने रस्त्यावरचा बाण पाहिला. गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडीचं तोंड पाहिलं, परत बाण पाहिला.

"मग तोंड तिकडे का?"

"काटा आर वर आहे."

पोलिसाने खिडकीतून आत वाकून बघितलं. "आहे खरा," तो म्हणाला. "पण काका, गिअर बदला की."

"बदलला तर काटा खोटा ठरेल. खोटा काटा लावून मी रस्त्यावर फिरलेलं चालेल तुम्हाला? तसं लिहून द्या."

लिहून द्यायचं म्हटल्यावर पोलिसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग तो शिट्टी वाजवत आमच्या डिकीपुढे चालायला लागला आणि पुढच्या चौकापर्यंत त्याने आम्हाला रस्ता मोकळा करून दिला. त्यानंतरचा चौक दुसऱ्याच्या ताब्यात असावा, कारण आम्हाला पुढे सोडताना तो फार मोकळेपणाने हसला.

घरी पोचल्यावर सासऱ्यांनी आधी खिशातला रुमाल काढून काट्यावर टाकला आणि मग दांडा पी वर नेला.

"हे काय, बाबा?"

"गाडी उभी करायची तर दांडा पी वर न्यावाच लागतो. पण डोळ्यांदेखत नको."

चहा झाला. गॅरेजवाल्याकडे जाऊन आल्याचंही कळलं. या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून इंजिन ऐकतो. त्याने गाडी ऐकली, सासऱ्यांचं म्हणणं ऐकलं आणि सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही. काट्याचा सुटा भाग आता कुठे बनतही नाही.

दुपारी सासरे आडवे झाले आणि मी पेचकस घेऊन गाडीत शिरलो. स्टिअरिंगखालचं झाकण तीन स्क्रूंवर होतं. आत टॉर्च मारला तर रचना अगदीच साधी निघाली. दांड्याच्या कड्याला एक बारीक धागा, तो काट्याला बांधलेला आणि काट्याच्या दुसऱ्या अंगाला एक स्प्रिंग. धागा ओढला की काटा डी कडे, सैल सोडला की स्प्रिंग त्याला पी कडे नेणार. धागा तुटला होता. स्प्रिंगने काटा पी कडे ओढला होता, पण मध्ये कित्येक वर्षांचा चिकट मळ साठला होता आणि काटा आर वरच रुतून बसला होता.

मी धाग्याची दोन्ही टोकं चिमट्याने बाहेर काढली आणि थांबलो. धागा झिजून तुटला की टोकाला तुसं निघतात. ही टोकं अगदी सरळ होती.

"पोचलात का तिथपर्यंत?" सासूबाई दारापाशी उभ्या होत्या. हातात बिस्किटांची बशी.

"आई, हा धागा..."

"मीच कापला." त्यांनी बशी माझ्या मांडीवर ठेवली. "भरतकामाच्या कात्रीने, दांडा डी वर घेऊन धागा ताणला तेव्हा. हे दर वर्षी झाकण काढून तेल घालतात, तेव्हा मी बघून ठेवलं होतं. मला वाटलं, धागा सुटला की काटा पी वर जाईल. पी म्हणजे उभी. काटा उभी म्हणतोय म्हटल्यावर हे जन्मात गाडी हलवणार नाहीत. आता मध्येच मळ निघाला त्याला मी काय करू?"

"पण कशासाठी?"

"गेल्या महिन्यात यांनी केराच्या डब्याला रस्ता दिला. गाडी थांबवली, हात दाखवला आणि म्हणाले, जा बाई, सावकाश जा. आणि तो डबा जाईपर्यंत वाट बघत बसले."

"तुम्ही डोळे तपासायला सांगितलं नाहीत?"

"दहादा सांगितलं. म्हणतात, माझे डोळे प्रमाणित आहेत."

मी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. दर भेटीत मी सासऱ्यांच्या चष्म्याच्या काड्या आवळून देत होतो. काचा पुसत होतो. काचेमागे काय चाललंय हे बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि मी पोट भरतो ते त्याच धंद्यावर.

मी काही बोलणार इतक्यात मागून सासऱ्यांचा हात आला. "दाखवा तो धागा."

त्यांनी धागा डोळ्यांसमोर धरला नाही. अंगठा आणि तर्जनीत टोक फिरवलं. एकदा, दोनदा.

"तुटलेला नाही," ते म्हणाले. "कापलाय. मापाशी छेडछाड आहे ही."

पाच मिनिटांत जेवणाच्या टेबलावर कोरा कागद आला आणि पंचनामा सुरू झाला. मला पंच केलं. सासूबाईंना समोर बसवलं.

"घरात बारीक कात्री किती?"

"एक."

"कुणाच्या ताब्यात?"

"ज्यांना विचारताय त्यांच्या."

सासऱ्यांचं पेन थांबलं. चौतीस वर्षांत त्यांच्यापुढे कुणी असं पहिल्या दोन प्रश्नांत कबूल झालं नसावं. ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले.

"लिहा की," सासूबाई म्हणाल्या. "आणि कारणही लिहा."

"कारणाचा रकाना नसतो."

"मग पाडा."

सासऱ्यांनी पट्टी घेतली आणि रकाना पाडला. सासूबाईंनी खिडकीकडे बोट केलं. "समोरच्या गच्चीत ती बाई काय करतेय, सांगा."

सासरे उठून खिडकीशी गेले. चष्मा वर केला, खाली केला. "उभी आहे," ते म्हणाले. "बराच वेळ झाला उभी आहे. कुणाची तरी वाट बघत असेल."

"ती चादर आहे. सकाळी वाळत घातलीय."

मला वाटलं, आता आकांडतांडव होणार. पण सासरे शांतपणे टेबलाशी आले, पंचनाम्याचा कागद बाजूला सारला आणि दुसरा कोरा कागद घेतला.

"जावईबापू, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. दर खेपेला हाताची हवी तेवढी बोटं वर करा. दहा वाचनं घेऊ. हिच्याकडे खरा आकडा, माझ्याकडे दिसलेला."

मी पलीकडे जाऊन बोटं दाखवली. येणारेजाणारे माझ्याकडे बघत होते आणि एका गृहस्थाने उत्तरादाखल मला चार बोटं दाखवली. परत आलो तेव्हा सासरे दोन्ही रकाने ताडून बघत होते. दहातली सात वाचनं चुकलेली. आठव्या खेपेला त्यांनी 'पाच' लिहिलं होतं, तेव्हा मी पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत होतो.

त्यांनी खाली रेघ मारली आणि तारखेसह लिहिलं: त्रुटी मर्यादेबाहेर. मग कपाटातून जुनी पक्कड, तार आणि शिशाची गोळी काढली. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्यातून तार ओवली, गोळी लावली आणि पक्कड दाबून स्वतःच्या लायसन्सला सील ठोकलं.

"नापास उपकरण दुरुस्तीशिवाय वापरता येत नाही," ते म्हणाले. "मला आधी सांगायचं होतंस."

"दहादा सांगितलं."

"तोंडी सांगितलंस."

मग त्यांनी मला गाडीकडे पिटाळलं. गाडीचा काही दोष नाही, तेव्हा काटा आजच्या आज ठीक झाला पाहिजे. मी आधी रॉकेलने मळ काढला. सासूबाईंच्या डब्यातला रेशमी दोरा लावला, तो ताणला गेला आणि काटा एन आणि डी च्या मध्येच उभा राहिला. शिवणाचा जाड दोरा लावला, तो कड्यावरून घसरला. शेवटी शेजारच्यांकडून मासे पकडायच्या गळाची दोरी आणली. दोन गाठी मारल्या, त्यावर नखाला लावायच्या पॉलिशचा थेंब सोडला. सासऱ्यांनी मांडीवर कागद घेऊन दांडा दहा वेळा फिरवायला लावला आणि प्रत्येक वेळी काटा भिंगातून तपासला. पी, आर, एन, डी. दहापैकी दहा.

"पण आता चालवणार कोण?" मी विचारलं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या हातातली किल्ली घेतली. लग्नाआधी त्या वडिलांची पाव पोचवायची मोटार घरोघर फिरवत असत. लायसन्स त्यांनी दर वेळी न चुकता नवं करून घेतलं होतं. घरात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी सीट पुढे ओढली, दांडा डी वर टाकला आणि आम्ही डोळ्यांच्या दवाखान्याकडे अशा सुसाट निघालो की सासरे दोन्ही हातांनी दार धरून बसले. काटा डी वर होता, त्यामुळे त्यांना तक्रार करायला जागाच नव्हती.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. दोन आठवड्यांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही सगळे गेलो. माझी बायकोही आली होती. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सासऱ्यांनी आधी खुर्ची आणि भिंतीमधलं अंतर मोजायची टेप मागितली. अंतर चार इंच कमी भरलं. खुर्ची सरकवून घेतल्यावरच त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा सगळं वाचलं.

मग ते शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे वळले आणि डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"तू चष्मा कधीपासून लावतेस?"

"अकरा वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीत गाडीची किल्ली शोधायला लागल्या.