टोपलीला उसना आवाज

“बाई, तुमच्या वर्गात अंगठेबहाद्दर किती?”

‘विचारून दाखव!’ म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि ती शाळकरी पोर कसली मागे हटते! नुकतंच वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेलं, जिभेला नवी धार चढलेली. वस्तीतल्या प्रशिक्षण केंद्राच्या दारात उभं राहून तिने खणखणीत विचारलं. आत पंधरा-वीस मोठी माणसं हातात फोन धरून बसली होती. टाकाऊ वस्तूंतून धंदा कसा उभारायचा आणि तो माल फोनवरून कसा विकायचा, ते शिकत. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मागच्या बाकावरून मात्र एक हात वर झाला.

“मी एक!” तिची आई हसत म्हणाली. वर्ग हसला. मैत्रिणी तर पोट धरधरून.

त्या दिवसापासून आई फोनला बोट लावेना. बाबा गोदामातून खोक्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणायचे, आई त्यांच्या टोपल्या विणायची. वर माणूस बसला तरी दबणार नाहीत अशा. केंद्राच्या दुकानात पाच जणांना जागा मिळणार होती. निवडीसाठी मालाचा व्हिडिओ हवा होता.

“तूच कर गं बाई. माझी बोटं आपली पट्ट्यांवरच बरी.”

हिला तेच हवं होतं. मागे संगीत, वर स्वतःचा आवाज, असा झकास व्हिडिओ तिने केला. आईचे फक्त हात दिसले.

निकालाच्या दिवशी बाई हळू आवाजात म्हणाल्या, “टोपली एक नंबर, ताई. पण अट होती ना, ज्याचा माल त्याचाच आवाज. गिऱ्हाईकाशी बोलणार कोण?”

पुढची निवड एकदम वर्षाने.

“जाऊ दे,” वाटेत आई म्हणाली. “तू काय छान बोललीस!”

त्यापेक्षा तिला पाठीत दोन धपाटे परवडले असते.

घरी येऊन तिने तो व्हिडिओ पुसायला आईचा फोन उघडला. त्यात अकरा छोटे व्हिडिओ होते. हललेले, अंधारे, एकात नुसती फरशी. “ही... ही माझी टोपली. मी विणली. अगं बाई, चुकलं, परत!” शेवटचा होता तिने दारात तो प्रश्न विचारला, त्याच्या आदल्या दिवशीचा.

संध्याकाळी बाबांनी खांद्यावरचा पट्ट्यांचा भारा उतरवला. “काय गं, आणत राहू की नको आता?”

आईने भारा नुसता कोपऱ्यात सरकवला.

“आणा, बाबा,” ती म्हणाली. “आणि आई, सोमवारी नवा वर्ग सुरू होतोय, तुझं नाव घालायचं. मी पण येणार. आधी त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलावून, त्याच दारात उभी राहून त्यांची माफी मागणार. मग रोज शाळा सुटली की तुझ्या शेजारी बसणार, हाताची घडी घालून. तू शंभरदा चुकलीस तरी फोनला मी बोट लावणार नाही.”