नानाच्या वहाणा

माझा भाऊ क्वाबेना हट्टी आहे, हे तो रांगत होता तेव्हापासून मला ठाऊक. तरी तेवीस वर्षांपूर्वी गावच्या गादीवर त्यालाच बसवा, असं मीच म्हटलं. आमच्यात राजा निवडते राजमाता, म्हणजे मी, आणि वेळ आली तर उतरवतेही तीच. तेव्हापासून अख्खं गाव त्याला नाना, म्हणजे राजेसाहेब, म्हणतं. चारचौघांत मीसुद्धा.

आणि या नानाने वर्षभर काय केलं? उजवा पाय लपवला! साखरेचा जुना आजार. आडवं झालं की पाय ठणकायचा, म्हणून खुर्चीत बसून, पाय खाली सोडून झोपायचा. मला सांगायचा, पाठ धरलीय. अंगठा काळा पडला तोही राजवहाणांच्या रुंद पट्ट्यांखाली कुणाला दिसला नाही. आणि त्या काढायला सांगायची हिंमत कुणाची? राजाचा अनवाणी पाय जमिनीला लागला की त्याची गादी गेली. शेवटी मला वास आला, तेव्हा मी त्याला ओढतच कुमासी शहराच्या इस्पितळात आणलं.

डॉक्टर सेरवा माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं एक घाव दोन तुकडे.

"आजी, मांडीतली रक्तवाहिनी बुजलीय. जांघेतून बारीक नळी घालू, बुजल्या जागी छोटासा फुगा फुगवू, रक्ताला वाट होईल. पाऊल वाचेल. अंगठा मात्र मेलाय, तो काढावा लागेल. आणखी आठवडा घालवलात तर अख्खा पाय जाईल."

"अंगठा काढायचा नाही," नाना म्हणाला.

अंगाने अधू माणूस आमच्या गादीवर चालत नाही. खाटेपाशी म्हातारा तविया उभा होता. दरबारात नानाच्या वतीने बोलतो तो.

"मग काय, मरणार?" मी विचारलं.

"गादीवर मरेन. नाना म्हणून."

"अरे मेल्या, मग त्या गादीला फुफूचे घास भरवत बसू का मी?"

नर्स वहाणा काढायला पुढे झाली, तसे त्याने पाय आखडून घेतले. "हात लावायचा नाही!"

माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, राग थोडा होता, भीतीच जास्त. मी खाली बसले. त्याची डावी वहाण काढली, मग उजवी.

"ताई, नको गं," तो म्हणाला.

मी त्याचे दोन्ही पाय धरले आणि फरशीवर टेकवले.

"राजमाते, हे काय केलंस!" तविया ओरडला.

"माझं काम केलं. गावात सांग, मी त्याला उतरवलं. का म्हणून विचारलं तर सांग, तिला भाऊ हवा होता."

तवियाने डोळे पुसले. मग माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "झोप नीट, क्वाबेना."

"घात केलास माझा," एवढंच मला बोलून क्वाबेना आत गेला.

दोन तास मी बाकावर बसून होते. याच हातांनी चढवला होता, याच हातांनी उतरवला. वर फुग्याने काहीच झालं नाही तर? मग डॉक्टरने मला आत बोलावलं आणि माझं बोट त्याच्या घोट्यामागे टेकवलं. टुकटुक लागत होतं. पाऊल ऊबदार होतं. मी तिथेच मोठ्याने रडले, नर्सा बघत होत्या तरी.

तो माझ्याशी बोलला नाही. अंगठा काढला तेव्हाही नाही. चौथ्या दिवशी दुपारी जाऊन बघते तर गडी खाटेवर दोन्ही पाय पसरून खुशाल घोरतोय. वर्षभराने आडवा झोपला होता. मी उठवलं नाही.

जागा झाल्यावर छताकडे बघत म्हणाला, "आता कुणाला बसवणार?"

"मावशीच्या धाकट्याला."

"त्याला? त्याला धड बोलता तरी येतं का?"

"तवियाला येतं."

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं आणि कूस बदलली.

"बसवशील तेव्हा निरोप धाड," भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला. "मी चालत येईन."