बारा पौंड हवा

मुलगी तिसऱ्यांदा पडली तेव्हा हवालदारांनी डोळे मिटून घेतले. बायकोने मात्र आपले उघडे ठेवून कपाळाला हात लावला. घरामागच्या कोरड्या ओढ्यात, गोट्यांवर मोटारसायकल आडवी होऊन चाक गरगर फिरवत होती. मुलगी उठली, गुडघे झटकले आणि आधी गाडीला काही लागलं का ते पाहिलं.

हवालदार हे त्यांचं डेपोतलं नाव. पोलीसखात्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चौतीस वर्षं बसच्या टायरांत हवा भरली, एवढंच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचा टायर अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मुलगी नर्स. डोंगरावरच्या वस्तीतला दवाखाना रस्ता वाहून गेल्यापासून दीड वर्ष बंद होता. "मी जाईन मोटारसायकलवर," असं तिने वरिष्ठांना सांगून टाकलं. वरिष्ठ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुवारी माझ्यासमोर चढून दाखव. जमलं तर दवाखाना तुझा. नाही जमलं तर वरचं कुलूप कायमचं, आणि तू गोदामात बसून कापूस मोज." आज मंगळवार होता.

गाडी छोटीशीच, डांबरावर चालणारी आणि रानातही जाणारी. मिस्त्रीने तिला पैलवानासारखं तयार केलं होतं. दगड धरणारे जाड बटणांचे टायर, इंजिनच्या पोटाखाली जाड पत्रा, मुठींपुढे ढाली, चढाला जोर यावा म्हणून चेन फिरवणारं पुढचं दातेरी चाक एक दात लहान. आरसे तर काढूनच टाकले. "मागे बघायचंच नाही, ताई," तो म्हणाला होता. एवढं करूनही दगडावर चाक चढलं की गाडी चेंडूसारखी उडे. मिस्त्रीने मागची स्प्रिंग मऊ केली, उडी तशीच. मग स्प्रिंग वजनाप्रमाणे लावायची म्हणून त्याने मुलीचं वजन विचारलं. तिने सांगितलं. मिस्त्रीने आईकडे पाहिलं.

"मी काय तराजू आहे?" आई म्हणाली. "खरं सांग गं त्यांना."

मुलीने आणखी चार किलो कबूल केले. स्प्रिंग पुन्हा बसवून झाली आणि मुलगी पुन्हा पडली. ही तीच तिसरी खेप.

"ही गाडी माझं नाव घालवणार," म्हणत मिस्त्रीने खिशातून हवेचं मीटर काढलं. पुढच्या चाकाला लावलं, मग मागच्या. मग मीटर झटकलं, कानाशी नेलं आणि पुन्हा लावलं.

"काल संध्याकाळी मी स्वतः बारा पौंड ठेवून गेलो. आज अठ्ठावीस! हवा उतरलेली जन्मभर पाहिली, चढलेली आजच बघतोय."

हवालदार समोरच्या झाडाकडे इतक्या गंभीरपणे बघू लागले, की ते त्यांनीच लावलंय असं वाटावं.

"अहो," बायको म्हणाली, "रोज दूध आणायला जायच्या आधी अंगणात फुसफुस कसली चालते तुमची? मला वाटलं, श्वासाचा व्यायाम सुरू केलात. मी आपलं कौतुकाने माझ्या बहिणीलासुद्धा सांगितलं!"

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"बारा पौंड म्हणजे काय हवा झाली?" हवालदार एकदम उसळले. "बाराला फुटबॉलसुद्धा धड उडत नाही! मऊ टायर दारात उभा असला की मला घास उतरत नाही. मिस्त्रीचं काय, स्क्रू पिळतो आणि घरी जातो. बाप मी आहे." मग आवाज खाली आला. "एकदा घाईत एक बस टायर न बघता सोडली होती मी. ड्रायव्हरचा पाय गेला."

घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"मऊ टायरवर तू पडलीस, तर ते माझ्या हातून झालं असं होईल गं."

"आणि आत्ता तीनदा पडले, ते कुणाच्या हातून?"

मिस्त्रीने मुकाट्याने हवा सोडली आणि पुढचं चाक एका गोट्यावर चढवलं. टायर दबला आणि दगडावर पसरून बसला. हवालदार उकिडवे झाले, टायर आणि दगड यांच्या फटीत नख घालायला गेले. फटच नव्हती.

"धरतोय रे," ते म्हणाले. सख्ख्या भावाने फसवल्यावर माणूस बोलतो तसा त्यांचा स्वर होता.

मुलगी ओढा चढून गेली, वळली, परत आली. पडली नाही. आईने टाळ्या वाजवल्या. हवालदारांना आनंद झाला आणि त्याचा जरा रागही आला.

"पण डांबरावर काय?" त्यांना एकदम आधार सापडला. "पायथ्यापर्यंत आठ किलोमीटर आहेत. बारावर गाडी डुलेल. वळणावर दगा देईल."

"ते मात्र खरं आहे," मिस्त्री म्हणाला. "डांबरावर भरायची, दगडावर सोडायची."

"मग सोडणार कोण आणि भरणार कोण?"

"विचारताय काय?" बायको म्हणाली. "गुरुवारी चपला घाला आणि बसा मागे."

गुरुवारी हवालदार मांडीवर पंप आणि खिशात मिस्त्रीचं मीटर घेऊन मुलीच्या मागे बसले. डोंगराच्या पायथ्याशी जीप उभी होती.

"हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझे वडील. गाडीची हवा तेच बघतात."

हवालदारांनी व्हॉल्व्ह दाबला. हवा सूं करत निघाली. इतक्या वर्षांत चांगल्या टायरमधली हवा त्यांनी अशी मुद्दाम कधी सोडली नव्हती. मीटर चौदावर आलं तसा हात थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, आणि त्यांनी उरलेले दोन पौंडही सोडले.

ती गेली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, मग नुसता आवाज राहिला आणि मग तोही थांबला. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. हवालदारांनी जीपचे चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, मग पुन्हा पाहिले. तोच बाईंचा फोन वाजला.

"मॅडम, पोचले! पण कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नाही. दगडाने फोडू?"

"फोड," बाई म्हणाल्या. मग हवालदारांकडे वळल्या. "चला काका, घरी सोडते. सगळं झाडून-पुसून ती संध्याकाळीच उतरेल."

"नको बाई, तुम्ही व्हा पुढे. खाली आली की तिला हवा लागेल."

जीप गेली. हवालदारांनी सावलीतला एक दगड बघितला, वाटेकडे तोंड करून बसले आणि पंप पायांत धरला. तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते.