पैनगंगेचं जंगी जहाज

मी नाव बोलतेय. सागवानी, रुंद पोटाची, पैनगंगेच्या घाटावरची नाव. समुद्र मी कधी पाहिला नाही. तरी एका पावसाळ्यापुरती मी शिडाचं जंगी जहाज होते. त्या नोकरीची आठवण झाली, की भर उन्हातही माझ्या फळ्या ओल्या वाटतात.

माझा जन्म एकोणीसशे चौतीस सालचा, कळमनुरी तालुक्यातला. अन्सार सुतारानं मला घडवलं. माझं लाकूड त्याचा दोस्त हिरासिंग यानं बैलांकडून जंगलातून ओढून आणलं. हिरासिंगचा तांडा घाटापासून जवळच, आमच्याच काठावर, नदीच्या वरच्या अंगाला होता. मला पाण्यात सोडलं त्या दिवशी त्याची आई भिकाबाई हिनं माझ्या नाकाडाला हळद लावली आणि म्हणाली, "घाटाला पोरगी झाली रे!"

पुढं बरीच वर्षं मी माणसं ओलांडून नेली. हिंगोलीच्या बाजाराची हळदीची पोती नेली, नरसीला निघालेले भाविक नेले, रडणाऱ्या नवऱ्या नेल्या. माणसांची एक गंमत मी पाहिलीय. काठावर ती जागेसाठी भांडतात, मधल्या खोल पाण्यात गप्प होऊन एकमेकांना धरून बसतात, आणि पलीकडचा चिखल दिसला की भांडण पुन्हा सुरू.

अन्सारनं तरुणपणी मुंबईच्या बंदरात शिडाची गलबतं पाहिली होती. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

"एक दिवस हिला शीड लावतो बघ," तो म्हणायचा.

"म्हशीला पंख लावून राहिला व्हय?" हिरासिंग हसायचा.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. आमचा काठ निजामाच्या राज्यात, पलीकडचा वऱ्हाडात. आमच्या काठावर भीती पसरली होती. लोक गाठोडी घेऊन पलीकडे जाऊ लागले. त्यांना अडवायला घाटावर निजामाच्या बाजूचे बंदूकवाले येऊन बसले, आणि त्यांनी मला ताब्यात घेतलं. आमच्या वळणावर पावसाळी वारा प्रवाहाच्या उलट वाहतो. वल्ह्यांनी मला वर चढवताना माणसं थकून जात, म्हणून त्यांच्या म्होरक्यानं अन्सारला विचारलं, "हिला शीड चढेल का?"

मागं उभी असलेली अन्सारची बायको हलीमा हळूच म्हणाली, "सांगा ना, लाकूड सडलंय म्हणून."

अन्सार म्हणाला, "चढंल. बराबर चढंल."

त्याला भीती होती, हे खरं. पण भ्यालेल्या माणसाला काम कसंबसं उरकता येतं. अन्सारनं तसं केलं नाही. त्यानं सरळ डोलकाठी निवडली. तंबूचं कापड दुहेरी शिवलं. पाण्यातून मी सुळकन् जावं म्हणून माझ्या दोन्ही कुशी त्यानं पुन्हा रंधल्या आणि तेल पाजलं.

"काहून इतका जीव लावून करून राहिले?" हलीमानं विचारलं.

त्याच्या ओठांत खिळे होते. त्यातला एक काढून त्यानं फळीत ठोकला.

बंदूकवाल्यांनी एका गढीवरची गंजकी तोफ माझ्या नाकाडावर बांधली. ती कधी उडाली नाही. नुसती पाहूनच लोक काठावरून माघारी पळत. मलाही, खोटं कशाला बोलू, आपण कुणीतरी मोठे झालो असं वाटे.

एका दुपारी वरच्या अंगाला पाण्यात डोकी दिसली. म्होरक्या ओरडला. शीड उघडलं, वारा भरला आणि मी प्रवाह कापत निघाले. इतक्या वेगानं मी जन्मात गेले नव्हते. सुकाणू अन्सारच्या हातात होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुललं.

मग डोकी ओळखू आली. तांड्याच्या म्हशी पोहत होत्या, त्यांच्या शेपट्या धरून बायामाणसं. पुढं हिरासिंग होता. अन्सारनं सुकाणू जोरानं वळवलं, पण बंदुका उडाल्या होत्या. गोळ्या पाण्यात पडल्या. भिकाबाईची म्हैस बिथरली आणि म्हातारीच्या हातातून शेपटी सुटली. ती वाहत माझ्याकडे आली. अन्सार वाकला, पण त्याचा हात पुरला नाही. तिची बोटं माझ्या कुशीवरून फिरली, काहीतरी धरायला शोधत राहिली. धरण्यासारखं तिथं काही नव्हतं. अन्सारनं मला फार गुळगुळीत रंधलं होतं.

बाकीचे पलीकडे पोचले. भिकाबाई कुणालाच सापडली नाही.

सप्टेंबरात हिंदी फौज आली आणि बंदूकवाले पळाले. अन्सारनं डोलकाठी मुळातून तोडली. मग तो वल्ही घेऊन बसला.

"आत्ता तिकडं जाऊ नका," हलीमा रडत म्हणाली. "आपल्या माणसांचं काय करून राहिले लोक, ऐकलं न्हाई का तुमी?"

तरी तो एकटाच पलीकडे आला. हिरासिंग काठावर म्हशी धूत होता.

"शीड मी लावलं," अन्सार म्हणाला. "वाईट लावता आलं असतं. मी चांगलं लावलं."

हिरासिंगनं म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं. मग म्हणाला, "मले माहीत हाय. पाण्यातून दिसलं मले. तू हसून राहिला होता."

अन्सार काठावरच्या चिखलात बसला.

"ऊठ. नाव चालव," हिरासिंग म्हणाला. "तांड्याच्या लेकरांना जाया-यायला तीच हाय. पण मी तिच्यात बसणार न्हाई."

आता हिवाळा आहे. मी पुन्हा पोती आणि माणसं नेते. हिरासिंगचं बिऱ्हाड पलीकडेच राहिलं, शेत मात्र अलीकडे. रोज तो छातीभर पाण्यातून चालत येतो. तो पाण्यात उतरला की अन्सार मला रिकामीच सोडतो आणि त्याच्या खालच्या अंगानं, त्याच्याच चालीनं हाकतो. एक वल्हं त्याच्याकडे धरलेलं असतं.

बाबांनो, मला माफ करा असं म्हणायचं तोंड मला नाही. एवढंच मागते, माझ्या कुशीला कुणीतरी दोराची कडी ठोका. काल पाण्याला ओढ होती, हिरासिंगचा पाय घसरला. त्यानं वल्हं धरलं. तोल सावरला, सोडलं, आणि पुढं चालू लागला.