कडीचा ठोका

तिने बुटात पाय घातला आणि तसाच बाहेर काढला. आतल्या तळव्यावर पाच बोटांचे काळे ठसे जसेच्या तसे होते. घामाचा तो आंबूस वासही तसाच होता, इतकी वर्षं पेटीत राहूनही न मेलेला. तिने तोंड फिरवलं, दोन जाड मोजे चढवले आणि श्वास धरून पुन्हा पाय आत सरकवला. दोन पावलं टाकून दाखवली.

“हेच! ह्या बुटांत तो आहे!” काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला. “ताई, इतका वेळ कुठे लपवले होते?”

“पेटीत होते.”

नवऱ्याचे आहेत, हे तिने सांगितलं नाही. या स्टुडिओत तिला सगळे पाऊलवाली म्हणत. पडद्यावर नट चालायचा आणि या अंधाऱ्या खोलीत ती त्याच्या पावलावर पाऊल टाकून चालायची. प्रेक्षकांना ऐकू यायची ती तिची पावलं. नवऱ्याने घरी टाकून दिलेले ऑफिसचे बूट तिनेच इथल्या पेटीत आणून टाकले होते. आजवर ते तिने फक्त खलनायकांना घातले. तेवढंच समाधान.

आज मात्र ते नायकालाच हवे होते. सिनेमा एका श्रीमंत मुलाचा. बंगला, गाड्या, आजारी आई, सगळ्यावर पाणी सोडून तो डोंगरदऱ्यांत स्वतःला शोधायला जातो आणि शेवटी उजळलेल्या चेहऱ्याने परत येतो. हा त्याग पडद्यावर आणायला दिग्दर्शकाच्या वडिलांनी पैसा पुरवला होता. सकाळपासून तिने माइकसमोर नायकाचा शिळा पाव चावून दिला होता, ओढ्याचं पाणी ओंजळीने पिऊन दिलं होतं. प्रत्येक घोटाला नायक डोळे मिटून हसत होता, आणि इकडे ती पदराने ओली हनुवटी पुसत होती.

तिचा नवराही असाच गेला होता, भरल्या ताटावरून उठावं तसा. वैराग्य आलेला माणूस आधी दुकानात गेला आणि पाणी न शिरणारे, घोट्याच्या वरपर्यंतचे नवे बूट घेऊन आला. मग डोळ्यांनी अधू झालेली आई बायकोच्या पदरात टाकून एका पहाटे निघून गेला. पुढे त्याचे फोटो यायचे. सूर्योदय, दाढी, आणि खाली दोन शब्द : मोकळा झालो. आईंचं लघवीचं भांडं धुऊन, हात पुसून ती ते बघायची.

काल निरोप आला होता. ‘पुढच्या आठवड्यात येतोय. आईला सांग, बिचारी वाट बघत असेल. दार उघडशील ना?’

तिने सांगितलं नव्हतं. स्वतःपुरतं तिचं उत्तर ठरलेलं होतं. पण आईंचं काय? जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की म्हातारी दचकून उठायची, भिंत चाचपत दाराशी जायची आणि कडीवर हात ठेवून उभी राहायची. पाऊल पुढे निघून गेलं की एक लांब उसासा. लेकासाठी आसुसलेल्या त्या हाताला, दार उघडू नका, म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेजारीण परगावी गेल्यामुळे आज तिने आईंना सोबतच आणलं होतं. त्या काचेपलीकडे, ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांच्या शेजारी शाल घेऊन बसल्या होत्या. तिकडचं बोलणं तिला भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं.

“आजी, कंटाळा नाही ना आला?” दिग्दर्शकाने विचारलं.

“छे रे. दिसत नाही तेच बरं आहे. सून म्हणते, तुझा नायक फार हसतो.”

काकांनी खोकल्याआड हसू लपवलं. दिग्दर्शकाने निरूपण सुरू केलं.

“आता शेवटचं दृश्य. तो परत येतो, जिना चढतो, दाराशी थांबतो. आतून आई कडी काढते. संवाद एकही नाही. त्या कडीत क्षमा ऐकू आली पाहिजे, ताई.”

“म्हणजे पूर्वरंग लेकाचा, आणि उत्तररंग आईच्या गळ्यात,” आई पुटपुटल्या.

लाल दिवा लागला. ती लाकडी पायऱ्या चढू लागली. डाव्या बुटाची टाच एका बाजूने झिजली होती. तिची इच्छा असो नसो, पाय त्याच्यासारखाच घासत होता. टप्, घस्स. टप्, घस्स. कुणीतरी आपल्या अंगात शिरून चालतंय असं तिला वाटलं.

काचेपलीकडे आई उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात हवेत चाचपडत होते.

“बघा!” दिग्दर्शकाने काकांचा खांदा धरला. “आईचं काळीज! नुसत्या पावलांनी...”

“कडी कुठाय?” आई म्हणाल्या.

“आहे आजी, आतल्या खोलीत. आता काढायचीच आहे.”

“काढायची नाही रे मेल्या! लागलीय का, ते बघायचंय.”

काकांनी मुद्रण थांबवलं. ती वरच्या पायरीवर तशीच उभी होती.

“आई, म्हणजे तुम्ही रोज दाराशी...”

“मग कशाला जात होते? तुझे हात माझ्या भांड्याकुंड्यांत. म्हटलं, तेवढं तरी आपण बघावं.” शाल सावरत त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या. “गेला तेव्हा मी जागी होते गं. पायात नवे बूट, पण घासणारी टाच हीच. माझ्या पलंगाशी घुटमळला. मी घोरायचं सोंग केलं. हाक मारली असती तर राहिला असता, आणि राहिल्याबद्दल जन्मभर आपल्या दोघींकडून ओवाळून घेतलं असतं. देव त्याला सुखात ठेवो. पण लांब.”

“तो येतोय, आई. पुढच्या आठवड्यात.”

आईंनी मान डोलावली.

“बरं,” मग त्या म्हणाल्या. “काम आटप. हा पोरगा खोळंबलाय.”

तिने बूट काढले, दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि पेटीत न ठेवता कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात सोडले. मोजेही मागोमाग टाकले. अनवाणी पायांनी ती आवाजासाठी उभ्या केलेल्या दारापाशी आली. निघणाऱ्या कडीचा ठोका आधी येतो, लागणाऱ्या कडीचा शेवटी. पाऊलवालीचं हे झोपेतसुद्धा चुकलं नसतं. लाल दिवा लागला. पडद्यावर नायक हसऱ्या चेहऱ्याने दार ठोठावत होता. तिने कडीला हात घातला.

“ताई, उलटं झालं,” दिग्दर्शक म्हणाला. “हा तर लागल्याचा आवाज आहे. काका, परत घ्या.”

काकांनी बटणावरचा हात काढून घेतला आणि चष्मा पुसायला लागले.

आई मान कलती करून ऐकत होत्या.

“बसली नीट,” त्या म्हणाल्या. “चल, घरी जाऊ.”