सुटला

बारा वर्षांपूर्वी फायनलमध्ये मी गोलकीपर होतो आणि शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्या हातातून सुटला. तेव्हापासून गावभर माझं नावच ‘सुटला’. पोटासाठी मी खिडक्यांना काचा बसवतो. इतक्या वर्षांत माझ्या हातून एक काच फुटलेली नाही, पण ते कोणाच्या खिजगणतीतही नाही.

काल एका मास्तरांच्या खिडकीची भलीमोठी काच घेऊन तीन जिने चढलो. मास्तरांनी दारातूनच बायकोला हाक मारली, “अगं, बघ कोण आलंय. सुटला.” मग मला म्हणाले, “तुमचा काय भरवसा? आणा इकडे, मी धरतो.”

“मास्तर, कडा धारदार आहेत. आधी हातमोजे घाला.”

“तुम्ही मला धरायला शिकवणार?”

त्यांनी काच ओढून घेतली. बोट कापलं, हात उघडला आणि फरशीवर काचेचा चक्काचूर झाला. मास्तरांनी बोट तोंडात घातलं आणि बायकोकडे बघून मान हलवली, जणू काच मीच टाकली होती.

संध्याकाळी घरी आलो. माझ्या सख्ख्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी दोन्ही हातांनी घट्ट धरेपर्यंत सोडला नाही.

“आज पुन्हा सुटली म्हणे,” ती म्हणाली. “नीट धर.”