मूठ साइटवर बसते

"ताई, आत जाताना दारात पाचर ठोकत जा. आतली मूठ साइटवर बसते, इथे नाही," रंधाकाकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कारखान्यातले सगळ्यात जुने सुतार ते.

"काका, बाळ पाळणाघरात आहे माझं, मी नाही बाळ!" असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

कारखान्यात शाळांच्या खोल्या बनायच्या. भिंती, छत, खिडक्या सगळं इथेच जुळवायचं, तयार खोली ट्रेलरवर चढवायची आणि जागेवर नेऊन जोडायची. फट म्हणून राहता कामा नये. थंडीतली ऊब आणि उन्हाळ्यातला गारवा आतच टिकला पाहिजे, तरच शाळेला वीज कमी लागणार. फटी हुडकणं हे तिचं काम. त्यात ती इतकी चोख, की सही केल्यावरही तिचा जीव थाऱ्यावर येत नसे.

आज तर मुळीच नाही. तिच्या नऊ महिन्यांच्या ठमीच्या अंगात सकाळपासून कसर होती, आणि मागच्या महिन्यात तापातच तिला झटका आला होता. "ताप एकशे एकच्या वर गेला की मला फोन करा. डॉक्टरांकडे मीच नेणार, तुम्ही नेऊ नका," असं तिने कारखान्यामागच्या पाळणाघरातल्या मावशींना तीनतीनदा बजावलं.

"बरं बाई, तुझी पोर, तुझा ताप," मावशी फणकारल्या.

दुपारी चौदा नंबरची खोली ट्रेलरवर चढली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या खिडकीचा कोपरा पाहिला होता ना आपण? ती धावत आत शिरली. कोपरा ठाकठीक होता.

"दार सताड उघडं ठेवलंय शहाण्यांनी!" बाहेर कोणीतरी करवादलं आणि दार लोटलं. त्यानंतर जगाचा आवाजच बंद झाला.

तिने आतून मूठ नसलेलं दार बडवलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. वीतभर जाड भिंतींनी सगळ्या गिळल्या. खिडक्या प्रवासासाठी बाहेरून स्क्रूने आवळलेल्या. फोन काढला, तर रेंज नाही. भिंतीतल्या चंदेरी आणि काचांवरच्या पारदर्शक अशा ज्या थरांनी ऊन अडायचं, त्यांनीच तीही अडवलेली. आणि मग खोली हलली.

हवेची तिला भीती नव्हती. एवढ्या खोलीत एकट्या बाईला ती सहज पुरेल, इतकं ती शिकलेली होती. पण साइट सहा तासांवर. तोवर मावशी फोन लावत बसतील. लागणार नाही. पुन्हा लावतील. आईनेच बजावलंय ना, नेऊ नका म्हणून!

सिग्नलला ट्रेलर थांबला. खिशातल्या मार्करने तिने काचेवर 'वाचवा' लिहिलं, बाहेरून सुलट दिसावं म्हणून उलटं, आणि दोन्ही हात हलवले. स्कूटरवरच्या माणसाने वर पाहिलं. हसला, मागे बसलेल्या बायकोलाही दाखवलं, आणि दोघांनी मजेत हात हलवले. शाळेच्या खोलीतून टाटा करणारी बाई, आणि 'वाचवा' म्हणजे वीज-पाणी वाचवाची जाहिरात असणार!

ट्रेलर निघाला. तिने बाहीने काच पुसली आणि उजवीकडून एकेक अक्षर उलटं घडवत, घाई न करता लिहायला घेतलं:

'दार बाहेरून बंद झालंय, पण माझं राहू द्या. ट्रेलरवर ज्या कारखान्याचं नाव आहे, त्याच्या मागे पाळणाघर आहे. तिथे ठमी, नऊ महिन्यांची, अंगात ताप. जरा जाऊन बघता का तिला? आणि मावशींना सांगा, आईची वाट बघू नका.'